घडीची पट्टी, पितळी, नग १

सरकारी कचेरीतून जुने सामान मोडीत काढावयाचे म्हणजे एक लहानसा विधीच असतो. प्रथम टिपण, मग त्यावरचे शेरे, मग तिघांची समिती, मग यादी, यादीवरून पडताळणी आणि सरतेशेवटी लिलाव. या समितीत बहुधा दोन अधिकारी असतात आणि एक कारकून. अधिकारी सह्या करतात. यादी कारकून लिहितो. काही वर्षांपूर्वी कोलकात्यातील एका कचेरीत नेमणुकीवर असताना अशाच एका समितीतील तो कारकून आम्ही होतो.

कोठीची खोली कित्येक वर्षांत कोणी उघडली नसावी. मोडके पंखे, किल्ल्या हरवलेली कुलपे, टंकलेखन यंत्रांचे सांगाडे आणि वाळवीने खाल्लेले पेटारे यांच्या गर्दीतून हातात आली ती एक अरुंद, उभट पेटी. तिच्यावर काळपट हिरव्या रंगाचे, बोटांना खरखरीत लागणारे कातडे मढवलेले होते. आत खाचाखाचांतून पितळेची आयुधे बसवलेली होती. त्यांतील कंपास, कर्कटक आणि कोनमापक ही मंडळी शाळेच्या कंपासपेटीमुळे आमच्या ओळखीची निघाली. एक वस्तू मात्र ओळखू येईना. वीतभरापेक्षा लहान अशा दोन चपट्या पट्ट्या एका टोकाला सांध्याने जोडलेल्या. मिटल्या की एक जाड पट्टी व्हावी, उघडल्या की कोन व्हावा. दोन्ही अंगांवर सांध्यापासून पसरत गेलेल्या बारीक रेषा, त्यांवर आकडे, आणि एका रेषेवर काही चिन्हे: वर्तुळात एक ठिपका, पोरांनी काढावी तशी चंद्रकोर, खाली फुली असलेले एक वर्तुळ. सांध्याजवळ काही अक्षरे होती, ती झिजली होती. भिंग मागवून ती वाचावीत असे आम्हांला वाटले नाही. आमची पदवी कला शाखेची, वेळ दुपारी साडेचारची, आणि यादीत अजून दोनशे नग उरलेले. आम्ही लिहिले: 'घडीची पट्टी, पितळी, नग १. रेषा व नक्षी कोरलेली. अक्षरे अस्पष्ट. उपयोग अज्ञात.' पुढे ती पेटी नळाच्या तोट्या आणि कुलपे यांच्याबरोबर पितळेच्या भावाने, वजनावर गेली.

त्यानंतर वर्षभराने गॅलिलिओच्या चरित्राचे एक सचित्र पुस्तक चाळीत असता एका पानावर आमची पट्टी आम्हांला भेटली. तीच घडी, तोच सांधा, तसाच रेषांचा पिसारा. चित्राखाली लिहिले होते की, फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातील हा गॅलिलिओचा 'भौमितिक आणि लष्करी कंपास'. आम्ही विकलेली पट्टी गॅलिलिओची नव्हती, हे सांगणे न लगे. पण ती त्याच घराण्यातली होती. आणि ज्याला आम्ही नक्षी म्हटले होते, ती नक्षी नव्हती. त्या दिवसापासून या घराण्याचा इतिहास जाणून घेण्याचा आम्हांला छंद लागला. प्रायश्चित्त म्हणून का होईना, तो येथे सांगतो.

इंग्रजीत या उपकरणाला सेक्टर म्हणतात. फ्रेंचांनी त्याला प्रमाणाचा कंपास असे नाव दिले, आणि तेच अधिक यथार्थ आहे. त्याचे तत्त्व समजावयास स्वयंपाकघरातील चिमटा पुरेसा आहे. चिमट्याची टोके चार अंगुळे फाकली तर मध्यावरचे अंतर दोनच अंगुळे असते. टोकांचे अंतर कितीही बदला, मध्याचे अंतर त्याच्या निम्मेच राहणार. शाळेत ज्यांना आपण समरूप त्रिकोण म्हणत होतो, तेच हे. आता चिमट्याच्या दोन्ही पात्यांवर सांध्यापासून टोकापर्यंत सारखे भाग पाडून त्यांना आकडे घातले, की सेक्टरची पहिली रेषा तयार झाली. गॅलिलिओने या रेषेवर २५० भाग पाडले होते.

तिचा उपयोग असा. एखाद्या नकाशातील रेषेचे पाच सारखे भाग करावयाचे आहेत. कर्कटकाने त्या रेषेची लांबी उचलावी. मग सेक्टर इतका उघडावा की दोन्ही भुजांवरील १०० या खुणांमधले अंतर त्या लांबीइतके भरेल. आता सेक्टर न हलवता २० आणि २० या खुणांमधले अंतर कर्कटकाने घ्यावे. तोच पाचवा भाग. ना भागाकार, ना कागद, ना बाकी. भास्कराचार्यांच्या लीलावतीत जे त्रैराशिक श्लोकांत आहे, तेच येथे पितळेत ओतले आहे असे म्हणावयास हरकत नाही. ज्याला त्रैराशिक मांडता येत नाही त्यालाही ते हाताने करता येते, ही या उपकरणाची खरी करामत.

ते जन्माला यावयाला मात्र तोफांचा गडगडाट कारण झाला. सोळाव्या शतकात युरोपात तोफखान्याचे महत्त्व वाढले, आणि तोफेबरोबर हिशेब आला. निकोलो तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने १५३७ मध्ये गोळ्याच्या गतीवर ग्रंथ लिहून तोफेचा कोन मोजण्याच्या गुण्याचे वर्णन केले. पण कोनाने काम संपत नव्हते. एका वजनाच्या गोळ्याला इतकी दारू लागते, तर दुप्पट वजनाच्या गोळ्याला किती? तोफेच्या तोंडाचा व्यास माहीत आहे, तर लोखंडाच्या गोळ्याचे वजन किती भरेल, आणि शिशाचा असेल तर किती? या प्रश्नांत वर्गमुळे आणि घनमुळे दडलेली होती, आणि रणांगणावर घनमूळ काढीत बसावयास सवड कोणाला? फाब्रित्सिओ मोर्देन्ते, ग्विदोबाल्दो देल मोन्ते अशा मंडळींनी प्रमाणे काढणारे नाना प्रकारचे कंपास तेव्हा घडवले होते. लंडनमध्ये टॉमस हूड याने १५९८ मध्ये सेक्टरची रचना व उपयोग यांवर पुस्तकच छापले. त्यासाठी उपकरण घडवले होते चार्ल्स व्हिटवेल या कारागिराने. एकच गरज अनेक देशांत एकाच सुमारास भासली, आणि अनेक हातांनी तिची पूर्तता केली.

त्या हातांतील सर्वांत प्रसिद्ध हात गॅलिलिओचा. वाचकांना येथे थोडे आपुलकीने ऐकावेसे वाटेल. कारण त्या काळचा गॅलिलिओ हा आपल्यासारखाच परमुलखात नोकरीला असलेला मनुष्य होता. तो तस्कनीचा, आणि नोकरी पादुआच्या विद्यापीठात, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या सेवेत. १५९२ मध्ये तो तेथे रुजू झाला तेव्हा त्याचे वेतन सालीना १८० फ्लोरिन होते. वडील आदल्याच वर्षी वारले होते; बहिणींच्या हुंड्याचे ओझे डोक्यावर होते. वेतनात भागेना म्हणून तो घरी विद्यार्थी ठेवून घेई आणि खाजगी शिकवण्या करी. युरोपातील सरदारांचे तरुण मुलगे दुर्गरचना आणि तोफखान्याचे गणित शिकावयास पादुआस येत. १५९७ च्या सुमारास गॅलिलिओने त्यांच्यासाठी आपला कंपास सिद्ध केला. मागणी वाढली तेव्हा १५९९ मध्ये त्याने मार्कान्तोनिओ मात्सोलेनी नावाच्या कारागिराला कुटुंबासह आपल्या घरीच आणून ठेवले. उपकरण विकून फार मोठा नफा होत नसे. खरे उत्पन्न ते चालवावयास शिकवण्याचे होते. त्या शिकवणीचे शुल्क १२० लिरे असे, आणि ते उपकरणाच्या किमतीहून कितीतरी अधिक होते. पितळेपेक्षा त्यावरील रेषा वाचण्याच्या विद्येची किंमत मोठी, हा हिशेब चारशे वर्षांपूर्वीच झाला होता. तो आम्हांला ठाऊक असता तर बरे झाले असते.

गॅलिलिओच्या कंपासावर सारख्या भागांच्या रेषेखेरीज आणखी रेषा होत्या. एका रेषेवरील अंतरे आकड्यांच्या वर्गमुळांप्रमाणे पाडलेली. तिच्या साहाय्याने एखाद्या शेताचा आराखडा क्षेत्रफळ तिप्पट करून पुन्हा काढता येई, आणि हजारो सैनिकांची फळी रुंदीला किती व खोलीला किती उभी करावी हेही ठरवता येई. दुसरीवरील अंतरे घनमुळांप्रमाणे. गोळ्याचे वजन आठपट हवे तर व्यास दुप्पटच करावा लागतो, ही गोष्ट या रेषेवर डोळ्यांना दिसते. आठाची खूण सांध्यापासून एकाच्या खुणेच्या बरोबर दुप्पट अंतरावर असते. आणि एक रेषा धातूंची. सोने, शिसे, रुपे, तांबे, लोखंड, कथील, आणि त्यांच्यापुढे संगमरवर व साधा दगड, अशा क्रमाने तिच्यावर खुणा होत्या. समजा, ४ इंच व्यासाचा लोखंडी गोळा आहे आणि तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा ओतावयाचा आहे. तर सेक्टरने क्षणात सांगावे की व्यास साडेतीन इंचांहून किंचित अधिक ठेवा. नाण्यांचा विनिमय आणि चक्रवाढ व्याज हेदेखील गॅलिलिओ याच उपकरणावर शिकवी. लष्करी म्हणून जन्मलेले हे साधन पेढीवरही बसू शकत होते.

धातूंची ही रेषा पुढे फ्रेंच कारागिरांनी उचलली, पण शब्द कोरण्याऐवजी त्यांनी ग्रहांची चिन्हे कोरली. युरोपातील किमयागारांच्या परंपरेत प्रत्येक धातूचा एक ग्रह ठरलेला असे. सोन्याचा सूर्य, म्हणजे वर्तुळात ठिपका. रुप्याचा चंद्र, म्हणजे कोर. तांब्याचा शुक्र, म्हणजे खाली फुली असलेले वर्तुळ. लोखंडाला मंगळ, कथलाला गुरू, शिशाला शनी. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आमच्या यादीतील नक्षी ही नक्षी नसून धातूंच्या घनतेचे कोष्टक होते. चंद्रकोर आम्ही पाहिली, तिला पोरांची चित्रकला समजलो, आणि पान उलटले.

१६०६ मध्ये गॅलिलिओने या कंपासाच्या उपयोगांवर एक पुस्तिका पादुआत आपल्या घरीच छापून घेतली. प्रती अवघ्या ६०. ती तस्कनीचा राजपुत्र कोसिमो द मेदिची याला अर्पण केली होती. परमुलखातल्या नोकराची नजर मायदेशातील दरबाराकडे लागलेली होती, हे उघड आहे. पुस्तिकेच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, तीत उपकरणाचे चित्रच नाही. चित्र दिले तर कोणीही ते घडवील, ही भीती. आणि दुसरी, ती विद्वानांच्या लॅटिनमध्ये नसून लोकांच्या इटालियन भाषेत आहे. ज्यांच्या हातात कंपास द्यावयाचा त्यांच्या जिभेवर जी भाषा आहे तीतच विद्या सांगितली पाहिजे, हा तो विचार. आपल्याकडेही १८२० नंतरच्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत देशी तरुणांना अभियंत्याचे काम शिकवताना गणित आणि भूमितीची पुस्तके मराठीत सिद्ध केली. कंपासाची आणि कर्कटकाची कृती मराठी गद्याने छापील अक्षरांत प्रथम शिकली ती त्याच सुमारास. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये निघाला तो त्यानंतर.

चित्र न देण्याची गॅलिलिओची खबरदारी व्यर्थ गेली. दुसऱ्याच वर्षी, १६०७ मध्ये, बाल्दास्सारे काप्रा या तरुणाने हेच उपकरण आपले म्हणून लॅटिनमध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, आणि वर गॅलिलिओवरच चोरीचा आरोप सूचित केला. गॅलिलिओने विद्यापीठाच्या नियामकांपुढे फिर्याद मांडली. तेथे जे घडले ते या सर्व इतिहासातील आमच्या मते सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. गॅलिलिओने साक्षीदार आणले. पण त्यांच्याइतकेच परिणामकारक ठरले ते त्याने काप्राला विचारलेले प्रश्न. ही रेषा कशी पाडली? ह्या कृतीने उत्तर का येते? काप्राला धड सांगता येईना. त्याने रेषा उतरवून घेतल्या होत्या, त्या वाचावयास तो शिकला नव्हता. निकाल गॅलिलिओसारखा लागला, काप्राच्या पुस्तकाच्या प्रती जप्त करण्याचा हुकूम झाला, आणि गॅलिलिओने त्याच वर्षी आपली बाजू छापून काढली. काप्रावर आम्ही आज फार कठोर होऊ शकत नाही. त्याने निदान रेषा उतरवून तरी घेतल्या होत्या.

पुढची दोनशे वर्षे सेक्टरने राज्य केले. इंग्लंडात एडमंड गंटरने १६२३ च्या ग्रंथात त्यावर नौकानयनासाठी ज्या, स्पर्शज्या इत्यादींच्या रेषा चढवल्या, आणि उपकरण तोफखान्यातून जहाजावर गेले. फ्रान्समध्ये बटरफील्डसारख्या पॅरिसवासी कारागिरांनी ते पितळेत सुबक घडवले. निकोला बियोंने १७०९ मध्ये गणिती उपकरणांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात त्याला मानाचे स्थान दिले, आणि एडमंड स्टोनने १७२३ मध्ये तो ग्रंथ इंग्रजीत आणला. ढोबळ मानाने असे सांगता येते की, फ्रेंच सेक्टर बहुधा पितळी आणि इंग्रजी सेक्टर पुष्कळदा हस्तिदंती. शार्क किंवा पाकट माशाच्या खरखरीत कातड्याने मढवलेल्या पेटीत कंपास, त्याची बदलती टोके, शाईची लेखणी, कोनमापक, समांतर पट्टी आणि सेक्टर असा संच अभियंत्याच्या, नाविकाच्या आणि जमीन मोजणाऱ्याच्या खिशात असे. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर अशा पेट्या हिंदुस्थानात आल्या, येथील दमट हवेत काळवंडल्या, आणि मालक निवर्तल्यावर किंवा विलायतेस परतल्यावर लिलावांतून हातोहात फिरत राहिल्या.

या वस्तूंचे मोल कशात आहे हे समजावयास त्या घडत कशा हे पाहिले पाहिजे. पितळेचा पत्रा ठोकून कठीण करावा, कानशीने घासून सपाट करावा, सांधा असा बसवावा की उघडताना हात अडू नये आणि सोडल्यावर भुजा हलू नये. येथवर कोणीही कसबी तांबट येऊ शकेल. खरी परीक्षा नंतरची: रेषांचे भाग पाडण्याची. एक खूण केसभर चुकली की तीवरून घेतलेले प्रत्येक माप चुकणार. अठराव्या शतकापर्यंत हे काम सर्वस्वी हाताचे आणि नजरेचे होते. लंडनच्या जेसी रॅम्स्डेनने वर्तुळाचे अंश पाडणारे यंत्र पूर्णत्वास नेले ते १७७५ च्या सुमारास. त्याच्या ४५ इंची चाकाला २१६० दाते होते, आणि स्क्रूचा एक फेरा म्हणजे बरोबर दहा कला. या यंत्राबद्दल सरकारी मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले, पण अट अशी की यंत्राची रचना त्याने जाहीर करावी आणि इतर कारागिरांना तिचा लाभ द्यावा. गॅलिलिओने चित्र लपवले होते. पावणेदोनशे वर्षांनी सरकार चित्र उघडे करण्यासाठी पैसे देत होते. त्यानंतर अचूक भाग स्वस्त झाले आणि चांगली उपकरणे मोठ्या संख्येने निघू लागली.

हे हात केवळ लंडन-पॅरिसचे होते असे मानण्याचे कारण नाही. कोलकात्यातच, जॉर्ज एव्हरेस्ट १८३० ते १८४३ या काळात सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख असताना, हेन्री बॅरो या विलायती कारागिराला उपकरणांच्या दुरुस्तीसाठी आणले होते. त्याच्यानंतर ते पद आले आर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे. मूळचे ते मद्रासेत एका जवाहिऱ्याच्या दुकानात काम करणारे. सूक्ष्म कामाची बोटे आणि यंत्राची उपजत समज यांवर त्यांनी विलायती उपकरणे खोलून, सुधारून, नवी करून दाखवली. एव्हरेस्टसारखा कडक साहेब त्यांची तोंड भरून स्तुती करी. आमच्या पेटीतील सांधा कधी काळी अशाच एखाद्या हाताने पुन्हा बसवला असेल काय, हा विचार कोलकात्याच्या वास्तव्यात आमच्या मनातून जात नसे.

सेक्टरचा अस्त सावकाश झाला. नेपिअरने १६१४ मध्ये लॉगरिथम दिले, ऑट्रेडने त्यांवरून सरकपट्टी सिद्ध केली. सरकपट्टीला कर्कटकाची गरज नाही; एका हातात धरून गुणाकार करता येतो. तरीही सेक्टर पेटीतून हलला नाही. १८५० च्या सुमारास मानहाइम या फ्रेंच तोफखान्यातीलच तरुण अधिकाऱ्याने सरकपट्टीला आजचे सुटसुटीत रूप दिले, तोवर सेक्टर केवळ रूढीने पेटीत बसत होता. खाच आहे म्हणून सेक्टर आहे, अशी स्थिती. त्याचा उपयोग विचारला तर मालकाला सांगता येऊ नये. 'उपयोग अज्ञात' हा शेरा आम्ही पहिल्यांदा लिहिला असे समजण्याचे कारण नाही. पुढे १९७२ मध्ये खिशात मावणारा एचपी-३५ हा गणकयंत्राचा प्रकार आला आणि सरकपट्टीवरही तीच पाळी आली.

आता ज्यांच्या घरी किंवा कचेरीत अशी पितळी आयुधे असतील, अथवा ज्यांना ती जमवण्याचा छंद आहे, त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पहिली म्हणजे, घासू नका. पितळेचे भांडे काळे दिसले की चिंचेचा कोळ घेऊन ते लखलखीत करावयाचे, हा आपल्या आया-आज्यांचा संस्कार. तो भांड्यांना उत्तम, उपकरणांना घातक. प्रत्येक घासणीबरोबर रेषांचे काठ बोथट होतात आणि कारागिराचे नाव पुसट होत जाते. काळसर झाक ही मळ नसून वयाची साक्ष आहे. आणि भिंग लावून पाहिले तर रेषांवरच्या ठरावीक खुणांपाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते दोष नव्हेत. कर्कटकाची टोके वर्षानुवर्षे तेथे टेकल्याने ते पडतात. कोणती रेषा वापरात होती आणि कोणती नुसती शोभेची, हे त्या खड्ड्यांवरून वाचता येते. मालक नकाशे काढी की गोळे मोजी, हे त्याच्या पत्रांपेक्षा तेथे अधिक खरे लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट नकलांची. मुरादाबाद आणि रुडकी येथून आज जुन्या धाटणीची पितळी उपकरणे शोभेसाठी मोठ्या प्रमाणावर बाहेर जातात आणि त्यांवर लंडनच्या जुन्या कारागिरांची नावेही कोरलेली आढळतात. शोभा म्हणून ती विकली तर त्यांत गैर काही नाही. जुनी म्हणून विकली की फसवणूक होते. सेक्टरच्या बाबतीत खरेखोटे करावयास तज्ज्ञ लागत नाही, कर्कटक पुरतो. घनांच्या रेषेवर सांध्याच्या मध्यापासून ८ पर्यंतचे अंतर घ्या. ते दुप्पट केले की ६४ वर यावयास हवे. वर्गांच्या रेषेवर ४ चे अंतर दुप्पट केले की १६ वर यावे. शोभेसाठी ओढलेल्या रेषा या परीक्षेत क्वचितच टिकतात. काप्राला विचारले गेलेले प्रश्न उपकरणालाही विचारता येतात, आणि खरे उपकरण उत्तर देते.

सरकारी नोकरीतील वाचकांना आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा आपण देवळांच्या मूर्तींपुरता समजतो. पण त्यातील व्याख्येत शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या वस्तू येतात, त्यांत गतकाळातील विज्ञानाचे दर्शन घडवणाऱ्या वस्तूही आहेत. म्हणजे कोठीतील काळवंडलेली पेटी ही कायद्याच्या दृष्टीने भंगार नसून पुराणवस्तू असू शकते, आणि ती वजनावर देण्यापूर्वी कोणा जाणकाराला, जवळच्या वस्तुसंग्रहालयाला, एक पत्र लिहावयास काय हरकत आहे? पत्र लिहिणे तर आपला धंदाच आहे. पुढच्या नेमणुकीत अशीच समिती निघाली तेव्हा यादीच्या अखेरीस आम्ही एक वाक्य घातले: 'ज्या वस्तूंवर रेषा, आकडे वा अक्षरे कोरलेली आहेत त्यांची ओळख पटेपर्यंत त्या लिलावातून वगळाव्यात.' साहेबांनी त्यावर नुसते 'ठीक' असे लिहिले. आमच्या आजवरच्या सेवेत मिळालेल्या शेऱ्यांत त्या शेऱ्याचे आम्हांला मोठे अप्रूप आहे.

गॅलिलिओ १६१० मध्ये तस्कनीला परतला. दरबारी गणिती आणि तत्त्वज्ञ म्हणून मोठ्या मानाने परतला. नंतर काय भोगावे लागले ते जगाला ठाऊक आहे. परंतु उतारवयात, दृष्टी गेल्यावर, एका स्नेह्याला लिहिताना त्याने पादुआतील अठरा वर्षे हीच आपल्या आयुष्यातील सर्वांत चांगली वर्षे म्हटली. परमुलखातली ती वर्षे, ते अपुरे वेतन, त्या शिकवण्या, आणि घरातच चाललेली मात्सोलेनीची कानस. मुलुख सोडून राहिलेल्या आपणांस हे वाचून बरे वाटते. बदलीच्या गावी आपण बहुधा परतीचे दिवस मोजतो, आणि भोवतालच्या वस्तूंकडे दुसऱ्याच्या सामानाकडे पाहावे तसे पाहतो. त्या कोठीतही आमची नजर तशीच होती. सामान आपले नाही, गाव आपले नाही, साडेचार वाजले आहेत.

ती यादी त्या कचेरीच्या दप्तरात आमच्या हस्ताक्षरात आजही असेल. ती दुरुस्त करण्याचा अधिकार आता आम्हांला नाही. म्हणून दुरुस्ती येथे नोंदवून ठेवतो. सेक्टर, पितळी, नग १. धातूंच्या रेषेवर ग्रहांची चिन्हे. कारागिराचे नाव भिंगाने वाचण्यासारखे, वाचले गेले नाही. उपयोग: त्रैराशिक, वर्गमूळ, घनमूळ.